टक्क्याटक्क्यानं पोलादपूर

पूर्वी कोकणात जाताना माणसं नाकी मोजायची. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव, लोणेरे, महाड. मी टक्के मोजतो. परवा मे महिन्यात गावकीच्या बैठकीला निघालो तेव्हा पनवेलला शंभर होते, वडखळला शहाऐंशी, आणि माणगावला एसटी चहाला थांबली तेव्हा अठ्ठावन्न. फोन केला नव्हता, आलेला घेतला नव्हता, पिक्चर बघितला नव्हता. फक्त नकाशा लावून बसलो होतो. ज्या रस्त्यानं चाळीस वर्षं ये-जा केली त्या रस्त्यावर आपण कुठे आहोत हे बघायला! एक निळा ठिपका सरकत होता आणि मी त्याच्याकडे टक लावून बघत होतो. खिडकीतून ऊन येत होतं, त्यामुळे ठिपका दिसेना. म्हणून पडद्याचा उजेड पार शेवटपर्यंत चढवलेला. फोनमध्ये सगळ्यात खादाड जर कोणी असेल तर हा पडदा. बाकीची मंडळी ताटातलं खातात, हा थेट परातीत बसतो.

पॉवर बँक होती. मुलानं निघताना प्रेमानं पिशवीत घातलेली. माणगावला काढून बघितली तर तिच्यात पॉवर नव्हती, नुसती बँक होती. काही सहकारी बँकांच्या ठेवीदारांना हा अनुभव ओळखीचा वाटेल.

शेजारी लोणेऱ्याच्या विद्यापीठात शिकणारा मुलगा बसला होता. त्यानं माझी घालमेल बघितली आणि न विचारता फोन हातात घेतला. "काका, मागं किती अ‍ॅपं उघडी आहेत बघा!" असं म्हणून त्यानं अंगठ्यानं पत्ते पिसावेत तशी एकोणीस अ‍ॅपं वर भिरकावली. मला फार बरं वाटलं. घर झाडल्यासारखं. पुढे कळलं की हा उपाय म्हणजे दमून झोपलेल्या पोरांना उठवून घराबाहेर काढायचं आणि पाच मिनिटांनी पुन्हा दार उघडून आत घ्यायचं. पोरं झोपलेली असतात तेव्हा खात नाहीत. उठवलं की खायला मागतात. अ‍ॅपचंही तेच. मुलगा लोणेऱ्याला उतरला तेव्हा फोन बावन्नवर होता आणि मी त्याला दोनदा धन्यवाद दिले होते.

महाडला स्टँडच्या बाहेर एका हॉटेलात शिरलो. मिसळ बाजूला राहू दे, आधी भिंत बघितली. भिंतीवर ओळीनं चार पिना. मालकाचा नियम साधा: चहा घेतला तर वीस मिनिटं, जेवलात तर पाऊण तास. मी थाळी मागवली, भूक नसताना. शेजारच्या पिनेवर एका गृहस्थांचा फोन पंच्याऐंशीवर रेंगाळला होता आणि ते तो शंभर झाल्याशिवाय हलायला तयार नव्हते. बॅटरीचा हा स्वभावच आहे. ऐंशीपर्यंत ती भराभर भरते. मग चार्जर हात आखडता घेतो आणि शेवटचे वीस टक्के मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासारखे होतात. 2011 मध्ये काम सुरू झालं, बरंचसं झालंय, उरलेलं होतंय. मालकानं सरळ जाऊन त्यांची वायर उपटली. "पंच्याऐंशी म्हंजे पोट भरलं. उठा आता." गृहस्थ रागावले, पण मालक बोलला ते कंपन्या आता स्वतःच फोनमध्ये घालून देतात. लिथियमच्या बॅटरीला काठोकाठ भरणं आणि तळ खरवडणं, दोन्ही मानवत नाही. वीस ते ऐंशीच्या मध्ये ठेवली तर जास्त वर्षं टिकते.

त्याच मालकानं मला मात्र नेमकं उलटं सांगितलं. "तुमी काय करा, एकदा पूर्ण मरू द्या. शून्य. मंग रात्रभर लावा. बॅटरी नवी होते." हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. त्यांना अर्धवट जेवायची सवय लागायची आणि मग त्या तेवढंच जेवायच्या. त्या गेल्या, सल्ला राहिला. आपल्याकडे सल्ल्याची बॅटरी कधीच उतरत नाही.

थाळी संपली. फोन एकसष्टवर. बसला वेळ होता म्हणून चवदार तळ्यावर गेलो. पायऱ्यांवर उभं राहून फोटो काढायला फोन उचलला आणि सवयीनं आधी टक्के बघितले. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसं ज्या पाण्याची ओंजळ भरायला इथे आली, तिथे उभा राहून मी टक्के मोजत होतो. फोन खिशात घातला. फोटो काढला नाही. काढायला हवा होता असंही वाटत नाही.

महाडहून पोलादपूरला निघालेली बस सावित्रीच्या पुलावर आली की अजूनही आतली बोलणी क्षणभर थांबतात. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री जुना पूल वाहून गेला, त्याबरोबर दोन एसट्या. नवा पूल पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी उभा राहिला, पण चाकरमानी माणूस इथे अजूनही नदीकडे बघून हात जोडतो. पूल ओलांडला की पुन्हा फणसाचे भाव सुरू.

पोलादपूरला उतरलो तेव्हा चोपन्न. तिथून आत उमरठच्या वाटेनं मिनीडोअर. उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. त्या बाजूची माणसं निरोप मिळाला की निघतात; नेटवर्क कोणतं होतं हे विचारत नाहीत. मिनीडोअरवाल्यानं मात्र फोनचा चांगला अभ्यास केलेला दिसला. त्याच्या पडद्यावर काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर सावळा विठ्ठल. "बॅटरी वाचते, साहेब. काळा रंग खात नाय." मी हसलो, आणि हसायला नको होतं. त्याचा पडदा ओएलईडी. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि काळा ठिपका म्हणजे विझलेला दिवा, त्याला वीज लागत नाही. मीही घाईघाईनं काळा विठ्ठल लावला. माझा पडदा निघाला एलसीडी. त्यात मागचा दिवा जळतच असतो, वर विठ्ठल असो की बर्फाचा डोंगर. पांडुरंग पावतो, पण मॉडेल बघून पावतो.

मिनीडोअर खोऱ्यात वळली. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ आले आणि फोनवरच्या काड्या एकेक करून गेल्या. मी नकाशा बंद केला. पडदा बंद केला. फोन शर्टाच्या खिशात ठेवून हात जोडून बसलो. गावात पोचून काढला तर एकोणीस! वर फोन असा तापलेला की छातीला शेक बसला. काहीही न करता पस्तीस टक्के गेले. माझी खात्री झाली की फोनमध्ये कोणीतरी शिरलंय.

दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, पडवीत सुपाऱ्या कातरत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग पलीकडच्या डोंगराकडे अडकित्ता दाखवून म्हणाला, "त्या वाडीत कोणाला हाक मारायची झाली तर?"

"कुकारा घालायचा."

"एक घातला, नाय ऐकला. मंग?"

"आणखी मोठा."

"दिवसभर घाल बघू. दम लागेल का नाय? तुझा फोन पोलादपूर सोडल्यापास्नं कुकारे घालतोय. टावर डोंगराच्या पल्याड. ऐकू कोणाला जातंय?"

मी ज्याला बिघाड समजत होतो ते इतकं सरळ होतं. टॉवर जवळ असला की फोन कुजबुजतो. लांब असला की ओरडतो. सापडलाच नाही तर शोधत राहतो, आणि त्या ओरडण्यातच बॅटरी जाते. दादानं माझ्या हातून फोन घेतला, वरून पडदा ओढला आणि विमानाच्या चित्रावर बोट ठेवलं. विमानात न बसलेल्या माणसानं माझा फोन विमानात बसवला. एकोणीसचे एकोणीस जागच्या जागी थांबले.

दादाचा स्वतःचा फोन नोकिया 1100. 2003 चा नमुना, डोक्यावर टॉर्च. बॅटरी साडेआठशेची, माझी पाच हजारांची. त्याची आठवडा चालते, माझी माणगाव. 2007 च्या ऑगस्टमध्ये नोकियानं चार कोटी साठ लाख बॅटऱ्या बदलून देण्याचं जाहीर केलं आणि देशभर लोक फोनची पाठ उघडून बीएल-5सी हा नंबर वाचायला लागले, तेव्हा दादानं आठ दिवस फोन तुळशीपाशी ठेवला होता. "फुटला तर अंगणात फुटू दे," म्हणून. तो फुटला नाही. तुळस जरा वाळली.

संध्याकाळी वळीव आला आणि लाइट गेली. चार्जर हातात घेऊन मी घरभर फिरत होतो, मृताच्या नातेवाइकासारखा. वहिनी म्हणाली, "भाऊजी, घाबरू नका, आपला तांदळातला हाय." तिनं तांदळाचा डबा उघडला आणि कोपरापर्यंत हात घालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन वर काढला. बंद केलेला. चालू केल्यावर पन्नास टक्के.

तो तिथे 2021 पासून असतो. त्या वर्षी 22 जुलैला महाड पाण्यात गेलं, तळीयेवर दरड आली, पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. दिवसच्या दिवस लाइट नव्हती, रेंज नव्हती. आम्ही मुंबईत एकच नंबर दाबत होतो आणि एकच बाई "बंद आहे" सांगत होती. चौथ्या दिवशी वहिनीनं हाच फोन टेपावर नेऊन चालू केला, "आम्ही हाव सगळी" एवढं सांगितलं आणि बंद केला. पुढे त्या अर्ध्या बॅटरीवर वाडीतल्या सात घरांचे निरोप गेले.

"पण अर्धाच का भरून ठेवतेस?" मी विचारलं.

"अर्धा झाला की लाइट जाते."

फोन बरेच दिवस नुसता ठेवून द्यायचा तर तो बंद करून, अर्धा भरून, गार आणि कोरड्या जागी ठेवावा असं बॅटरीशास्त्र सांगतं. तांदळाचा डबा घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, मातीच्या भिंतीला टेकून असतो. लिथियमच्या बॅटरीसाठी 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांत वाटलं गेलं. वहिनीला कोणी विचारलं नाही.

सकाळी माझा फोन विमानातून उतरवला तेव्हा अठरा होते. रात्रीत एक टक्का! परतताना महाडला एका दुकानदारानं मागचं झाकण काढून बघितलं आणि डॉक्टरी आवाजात म्हणाला, "काका, वय झालंय. पाचेकशे वेळा भरली-उतरली की ही अशी धाप लागते. बॅटरी बदला, फोन बदलू नका." त्या सबंध प्रवासात पैसे घेऊन दिलेला हा एकच सल्ला, आणि सांगताक्षणी पटलेलाही एकच.

गावकीची पुढची बैठक गणपतीत आहे. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला आलात तर आम्ही संध्याकाळी सहा ते सात टेपावरच्या फणसाखाली असतो. या. निघताना फोन मात्र करू नका, तो तांदळात असतो.