फाइल काढणाऱ्यालाही प्रश्न पडतात

वैद्यकीय महाविद्यालयांत थिसिसचा हंगाम आला की रेकॉर्ड विभागात याद्या येऊन पडतात. गेल्या पाच वर्षांतल्या विषबाधेच्या सगळ्या फाइली काढा! रेकॉर्डवाले रॅक धुंडाळतात, गठ्ठे उतरवतात, फाइली देतात. संशोधनातला त्यांचा सहभाग तिथेच संपतो. हा निव्वळ करंटेपणा आहे, आणि त्याची किंमत संशोधनच मोजतं.

फाइलींच्या खोडी रेकॉर्डवाल्यांइतक्या कुणाला ठाऊक असतात? विषबाधेसारख्या पोलिस केसच्या फाइली अनेक रुग्णालयांत वेगळ्या कुलपात असतात. त्या मागितल्याच नाहीत, तर विषबाधेचा आकडा पहिल्याच पानावर खोटा ठरतो. रुग्ण पुन्हा दाखल झाला आणि त्याला नवा नंबर पडला, की एका माणसाचे दोन रुग्ण होतात. मृत्यूच्या फॉर्म ४ वर कारण म्हणून नुसतं ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिलेलं सापडतं. हृदय आणि श्वास मरताना प्रत्येकाचाच थांबतो. माणूस कोणत्या आजाराने गेला, ते कळत नाही. मृत्यूच्या कारणाला कोड देणारा नेमका तिथे अडतो. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचंच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होतं. जे आहे तेही असं मोघम असेल, तर आरोग्याची धोरणं कशावर आखायची?

नोंद सांभाळणं हेही संशोधनच आहे, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली, ग्रामीण भागातली पहिली १९८७ साली बार्शीत. रुग्णालयांतले कागद चाळत, दुबार नावं गाळत, बार्शी भागात तर गावोगाव फिरून कर्मचाऱ्यांनी या नोंदण्या उभ्या केल्या. कुठे कोणता कर्करोग वाढतोय, हे आपल्याला त्यांच्यामुळे कळतं.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने या कामाला, म्हणजे आरोग्यमाहिती व्यवस्थापनाला, आरोग्यसेवेतल्या मान्यताप्राप्त व्यवसायांच्या यादीत घेतलं. आता रुग्णालयांनी वागणं बदलावं. जुन्या फाइलींवरच्या प्रत्येक अभ्यासाला मंजुरी देण्याआधी एथिक्स कमिटीने विचारावं, ‘या नोंदींत काय सुटतं, हे रेकॉर्ड विभागाला विचारलंत का?’ ज्याने अभ्यासाची आखणी सुधारली, त्याचं नाव लेखकांत यावं. शेवटच्या पानावरच्या आभारात ढकलू नये.

आणि रेकॉर्ड विभागातल्या मित्रांनो, निमंत्रणाची वाट पाहू नका. तुमच्या कामाविषयीची प्रश्नावली आली तर भरून पाठवा. तुम्ही गप्प राहिलात, तर तुमच्या अडचणी कुठल्याच अहवालात येणार नाहीत. वरिष्ठांची आणि एथिक्स कमिटीची परवानगी घ्या, आपल्याकडच्या वर्षभराच्या किती फॉर्म ४ वर मूळ आजार लिहिलेलाच नव्हता ते मोजा, आणि स्वतःच्या नावाने छापा. ही चूक रोज तुमच्याच टेबलावर येते. तिचा हिशेब तुमच्याइतका चोख दुसरं कुणी मांडणार नाही.