आवंढा

आमच्या घराण्यात कुणाला काय झालंय हे डॉक्टरांच्या आधी वन्संना कळतं. पुतण्याच्या साखरपुड्याला पंगतीत त्या माझ्या समोर बसल्या होत्या. मी जिलबीचा घास गिळला आणि त्यांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली. "ए, परत गिळ बघू." मी गिळलं. "अगं बाई, वर गेलं काहीतरी! आणि खाली आलं!" हे इतक्या मोठ्यांदा, की वाढपी हातातल्या मसालेभातासकट थांबला. जेवणाऱ्या माणसाच्या गळ्यात काहीतरी वरखाली होणारच, असं मी म्हणून पाहिलं. पण तोवर दोन्हीकडची मंडळी माझ्या मानेकडे बघत होती. व्याही तर चष्मा लावून.

घरी आल्यावर आरशासमोर आवंढे गिळण्याचा सामुदायिक कार्यक्रम झाला. ह्यांनी आधी माझा गळा पाहिला, मग स्वतःचा, आणि पांढरे पडले. "मला तर तुझ्याहून मोठी आहे!" चिरंजीवांनी बाबांना समजावलं की पुरुषांच्या गळ्यात दिसतो तो कंठमणी, आणि तो त्यांना वयाच्या चौदाव्या वर्षापासून आहे. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "माझाही बघा रे कुणीतरी." त्यांचाही बघितला. त्यांच्या गळ्यात काही निघालं नाही याचं त्यांना थोडं वाईट वाटलं असावं.

डॉक्टरांनीही तेच केलं. हातात पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाले, घोट घ्या, गिळा. थायरॉइडची ग्रंथी श्वासनलिकेला धरून असते, त्यामुळे गिळताना तीही वर सरकते आणि तिच्यात गाठ असली तर गाठही. म्हणजे वन्संची पद्धत पूर्ण शास्त्रशुद्ध होती. ही गोष्ट त्यांच्या कानावर जाऊ न देणं, ही या आजारपणातली माझी पहिली जबाबदारी ठरली.

रक्त तपासलं. टीएसएच व्यवस्थित निघालं, पण पॅकेजात सोबत आलेल्या तपासण्यांपैकी दोन आकडे ठळक अक्षरांत छापलेले. ह्यांची झोप उडाली. चिरंजीवांचा विषय संख्याशास्त्र. त्यांनी सांगितलं, की नॉर्मलची मर्यादा ठरवतानाच शंभर निरोगी माणसांतले मधले ९५ धरतात. उरलेले पाचही निरोगीच, पण कागदावर नापास. एका ठणठणीत माणसाच्या वीस वेगवेगळ्या तपासण्या केल्या, तर निदान एखादा आकडा ठळक छापून येण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास जाते. ह्यांनी हे कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, तेव्हा कुठे त्यांना पटलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणून तर मी काही तपासूनच घेत नाही."

मग सोनोग्राफी. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' या पाटीखाली, पोटुशा मुलींच्या रांगेत, मी पन्नाशीची बाई मान वर करून बसले होते. आत डॉक्टर गळ्यावर थंडगार जेल लावून यंत्र फिरवत राहिले. ते काही बोलेनात. फक्त माउसचा टिक आवाज, आणि मधूनच कोपऱ्यातल्या टायपिस्ट मुलीला मजकूर : "एक पॉइंट आठ बाय एक पॉइंट दोन. सॉलिड. हायपोएकोइक." ती मुलगी दळणाचा हिशोब लिहावा तशी शांतपणे टाइप करत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का, ते मी डोळ्यांच्या कडेने बघत होते. तिला जांभई आली. मला तेवढाही आधार पुरला.

रिपोर्टात लिहून आलं : टायरॅड्स ४. गाठीचं रूप बघून तिला गुण देतात. भरीव असेल तर दोन, पडद्यावर काळसर दिसली तर आणखी दोन, कडा वेड्यावाकड्या असतील तर वेगळे. जन्मात पहिल्यांदा मी कमी मार्कांसाठी देवापुढे दिवा लावला होता आणि मला चार मिळाले होते. खाली शेवटची ओळ : कृपया क्लिनिकली कोरिलेट करावे. हे बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "हे आमच्या ऑडिटरसारखंच आहे. सगळं लिहायचं आणि सही करताना जबाबदारी दुसऱ्यावर ढकलायची." मग त्यांनी रिपोर्टाच्या तीन झेरॉक्स काढल्या, पंच केल्या, रेक्झिनच्या फोल्डरमध्ये लावल्या आणि पानांना नंबर घातले. ह्यांची भीती नेहमी कागदावरच बाहेर पडते.

चार गुण आणि दीड सेंटीमीटरच्या वर आकार, म्हणून सुई घालून तपासायचं ठरलं. सुई खरंच बारीक असते, रक्त काढायच्या सुईहूनही. मला त्रास झाला तो फक्त "आता बोलू नका, गिळू नका" या सूचनेचा. गिळू नका म्हटल्याबरोबर तोंडाला जे पाणी सुटतं, ते पाणीपुरीच्या गाडीवरही कधी सुटलं नव्हतं.

रिपोर्ट मंगळवारी, असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. मी विचारलं, एवढ्याशा थेंबाला मंगळवारपर्यंत काय करता? मुलगी भली होती, तिने सगळं नीट सांगितलं. थेंब काचेवर पसरतात. काही काचा अल्कोहोलमध्ये बुडवतात, काही हवेत वाळवतात, दोन्हींना वेगवेगळे रंग देतात. मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी शोधत बसतात. निदान सहा पुंजके दिसायला हवेत, प्रत्येकात किमान दहा पेशी, नाहीतर नमुना अपुरा आणि पुन्हा सुई. शिवाय मध्ये रविवार.

आता खरी गंमत सांगते. रिपोर्टाची वाट मी एकटीने बघायची, अशी माझी समजूत होती. "कुणाला सांगू नका" हे मी ह्यांना बजावलं, ह्यांनी वन्संना बजावलं, वन्संनी ते सगळ्या गोतावळ्याला एकेकाला फोन करकरून बजावलं. शनिवारपासून माणसं यायला लागली. येताना शहाळी, मोसंबी, आणि प्रत्येकाची एक गोष्ट. सगळ्या गोष्टी वाटाण्याएवढ्या गाठीपासून सुरू व्हायच्या आणि परळला संपायच्या. "टाटाला माझी ओळख आहे हं, अजिबात काळजी करू नकोस," असं चुलत जाऊबाई म्हणाल्या आणि माझा हात हातात घेऊन स्वतःच रडल्या. त्यांना पाणी मी दिलं, आणि नंतर आल्याचा चहाही. मामेसासऱ्यांचं बीपी माझ्या काळजीने वाढलं म्हणून त्यांना आत आडवं केलं. रविवारी संध्याकाळी दूध दुसऱ्यांदा आणावं लागलं. गाठ माझी होती, पण घाबरण्याची पाळी काही माझ्यापर्यंत येईना. लग्नघरातल्या यजमानीणबाईला अक्षता टाकायला मिळत नाहीत, तशातली गत.

पाळी आली ती रात्री, पाहुणे गेल्यावर. मी स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसले. मेथ्या, ओवा, धने. हे पाणी प्यायला आले आणि दारात उभे राहिले. म्हटलं, आलाच आहात तर बसा. एका तळहातावर तूरडाळ ठेवली, दुसऱ्यावर चणाडाळ. "ही वरणाची, ही पुरणाची. बघून ठेवा." त्यांनी दिव्याखाली धरून खोट्या नोटा तपासाव्यात तितक्या बारकाईने बघितल्या. "ही जरा जाड आहे," म्हणाले. मग जरा वेळाने, "मला हे आत्ताच कशाला शिकवतेस?" मी म्हटलं, "सहज." त्यांनी दोन्ही डाळी एकाच डब्यात परत ओतल्या. मग रात्री साडेअकरा वाजता आम्ही दोघं ताटात डाळ पसरून निवडत बसलो. फार काही बोललो नाही. मुगाचं नंतर बघू, असं ठरलं.

मंगळवारी मोबाइलवर रिपोर्ट आला. त्याआधी सकाळपासून तो प्रत्येक टुणकीला छातीत धडकी भरवत होता, आणि दर वेळी कुणाचं तरी सूर्यफुलासह सुप्रभात निघत होतं. ह्यांनी पीडीएफ उघडली आणि खणखणीत आवाजात वाचलं : "बेथेस्डा कॅटेगरी दोन."

सासूबाईंनी टाहो फोडला. "दुसरी स्टेज!" फोनच्या स्पीकरवर वन्सं होत्या, त्यांनी तिकडे फोडला. बिनाइन, म्हणजे साधी, निरुपद्रवी गाठ, हा शब्द पुढच्या ओळीत होता. पण ह्यांची वाचायची पद्धत बँकेतली : एक ओळ, मग चष्मा पुसणं, मग पुढची ओळ. तेवढ्यात मी मनातल्या मनात ह्यांच्या जेवणाची व्यवस्था लावून टाकली होती.

डॉक्टरांनी समजावलं. २००७ साली अमेरिकेतल्या बेथेस्डा गावी तज्ज्ञांनी जमून हे सहा वर्ग ठरवले. पहिला म्हणजे नमुना अपुरा, दुसरा म्हणजे साधी गाठ, तिथून पुढे काळजी चढत जाते आणि सहावा नको तो. म्हणजे या परीक्षेत दुसरा नंबरच उत्तम. वर्ष-दीड वर्षाने पुन्हा सोनोग्राफी करायची, एवढंच. "साधीच निघाली का," असं जाऊबाई फोनवर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद होता, नाही असं नाही, पण टाटातली ओळख वाया गेल्याचं दुःखही होतं.

एवढ्यात सासूबाईंनी बॉम्ब टाकला. त्यांनी टिटवाळ्याच्या महागणपतीला नवस बोलला होता, की सगळं नीट निघालं तर डोंबिवलीहून पायी दर्शनाला येईल. कोण, तर मी. टिटवाळ्याचा गणपती लग्नं जुळवण्यासाठी प्रसिद्ध आहे, थायरॉइड त्याच्या खात्यात कसं आलं हे मी विचारलं नाही, कारण नवस तर फळला होता. ठाकुर्ली, कल्याण, शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. माझे गुडघे माझ्याआधी बसले.

ह्यांनी मध्यस्थी केली. थकलेल्या कर्जाची फेररचना त्यांनी नोकरीत आयुष्यभर केलेली. आंबिवलीपर्यंत लोकल आणि पुढचं तेवढं पायी, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. सासूबाईंनी बराच वेळ विचार केला आणि मंजुरी दिली. अट एकच घातली : ह्यांनीही बरोबर चालायचं, जामीन म्हणून.