तीनवार कुणी म्हणायचं?

ईबेवरच्या अमेरिकी विक्रेत्यांना लिलाव तिकडच्या रविवारी संध्याकाळी संपवायला आवडतं. गिऱ्हाईक त्या वेळी घरात सैलावून बसलेलं असतं, असा त्यांचा होरा. कॅलिफोर्नियातले संध्याकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सोमवारचे सकाळचे साडेसहा. नळाला पाणी येण्याची, दूध उतू जाण्याची आणि जुन्या ‘पार्कर ५१’वर झडप घालण्याची वेळ एकच.

झडप घालायची ती शेवटच्या चार-पाच सेकंदांतच. तोवर आठवडाभर त्या पेनाकडे ढुंकूनही बघायचं नाही. म्हणजे तासातासाला बघायचं, पण बोली लावायची नाही. याला स्नायपिंग म्हणतात आणि ते ईबेच्या नियमांत बसतं. आपल्याकडचा लिलाववाला ‘एकवार, दोनवार’ म्हणत आशाळभूतपणे रेंगाळतो. ईबेचं घड्याळ कुणाच्या बापासाठी थांबत नाही. मुरलेले लोक आकडाही वाकडा टाकतात : ५० नव्हे, ५१.०७ डॉलर. समोरच्याने गोल पन्नास टाकले असतील, तर वरच्या चिल्लरीवर पेन आपलं. आकडे सारखे निघाले तर आधी आलेला जिंकतो, आणि आपण तर मुद्दाम उशिरा आलेले!

इंग्लंडात सतराव्या शतकात इंचभर मेणबत्ती पेटवून लिलाव करत. ज्योत विझताना ज्याची बोली शेवटची, माल त्याचा. आरमाराच्या कचेरीतला सॅम्युअल पेपिस १६६२च्या रोजनिशीत जुन्या जहाजांच्या अशाच एका लिलावाबद्दल लिहितो. तिथे एक पठ्ठ्या इतरांपेक्षा अचूक वेळ साधत होता. ज्योत विझायच्या बेताला आली की धूर खाली उतरतो, हे त्याने हेरलं होतं. वायफायचा असा धूर दिसत नाही, ही आमची अडचण.

बायकोला हे सगळं बालिश वाटतं.

“किती द्यायची तयारी आहे तुझी?”

“पन्नास.”

“मग पन्नास टाक आणि आंघोळीला जा.”

तसं बघितलं तर ईबेही हेच सांगतं. तुमचा कमाल आकडा द्या, आम्ही तुमच्या वतीने गरजेपुरतंच वाढवत जाऊ. विल्यम विकरी यांनी १९६१मध्ये गणित मांडून दाखवलं की, जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची रक्कम भरायची असेल, तर मनातला खरा आकडा सांगण्यातच शहाणपण असतं. १९९६मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बायकोला अजून मिळालेलं नाही.

पण विकरींच्या गणितातल्या माणसाला आपला खरा आकडा ठाऊक असतो. माझे पन्नास हे दुसरा कुणी बावन्न म्हणेपर्यंतचेच पन्नास. त्याने बावन्न म्हटलं की त्या पेनाची निब एकाएकी जास्त सोनेरी दिसू लागते. म्हणून त्याला बावन्न म्हणायला वेळच ठेवायचा नाही. माझ्यापासून माझं रक्षण करायचा दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

आल्विन रॉथ आणि ॲक्सेल ऑकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी २००२मध्ये या घाईचा अभ्यास छापला. ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप वाढायची. तिथे अशी झुंबड कमी दिसली. ईबेवरही ती संगणकांपेक्षा जुन्या, दुर्मीळ वस्तूंसाठी जास्त होती. त्याचं एक कारण असं की जाणकाराने लवकर बोली लावली, तर वस्तू अस्सल आहे हे अडाण्यांना फुकटात कळतं. हे वाचल्यापासून मी माझी बोली जास्तच गुप्त ठेवतो. ती बघून आजवर कुणी शहाणं झाल्याचं मात्र ऐकिवात नाही.