दमानं घ्या

पहिल्या दिवशी मी साडेनवालाच कचेरीत पोचले. कुलूप काढणारा शिपाई दचकला. त्याला वाटलं, लाचलुचपतवाले आले. कचेरीची वेळ पावणेदहाची. त्या वेळेला मशीनवर भाऊसाहेबांचा अंगठा येतो. उरलेले भाऊसाहेब चहा उरकून साडेदहाला.

भाऊसाहेब म्हणजे आमचे अव्वल कारकून. निवृत्तीला वर्ष राहिलंय. टेबलावर अडकित्ता, सुपारीची डबी आणि दुसऱ्या डबीत जुन्या फायलींतून काढून सरळ केलेल्या टाचण्या. माणूस लाख मोलाचा. कुणाचा पैसा घेत नाहीत, कुणाला टाकून बोलत नाहीत. माझी खुर्ची मोडकी निघाली, तर स्वतःची गादी काढून दिली आणि गादीबरोबर मंत्रही: "ताई, दमानं घ्या."

मी कुठली ऐकते! पंधरा दिवसांत साचलेले सगळे अर्ज निकाली काढले. भाऊसाहेब हळहळले. "रिकामं टेबल दिसलं की त्यावर कुणीतरी काहीतरी ठेवतंच, ताई." सोमवारी संजय गांधी योजनेचं टेबल माझ्याकडे आलं, बुधवारी पुरवठ्याचं. त्या टेबलांवरची मंडळी मला 'हुशार पोरगी' म्हणाली आणि त्यातले एक जण अष्टविनायकाला निघून गेले.

मग मी कायदा काढला, २००५ चा दप्तर दिरंगाईचा. तो भाऊसाहेबांना तोंडपाठ. "एका टेबलावर फाईल कामाच्या सात दिवसांवर ठेवायची नाही. म्हणून सहाव्या दिवशी 'फेरसादर करावे' लिहून खाली पाठवायची. फाईल हिंडती पाहिजे ताई, बसली की वाळवी लागते." त्याच कलमात निर्णयाला ४५ दिवसांची मुदत आहे, हे मी दाखवलं तेव्हा ते चष्मा पुसायला लागले.

मार्चपर्यंत माझाही अंगठा माझ्याआधी पोचायला लागला होता. तेवढ्यात तपासणी लागली आणि कागदांचे 'प्रतीक्षाधीन', 'ड' असे सहा गठ्ठे बांधायचं फर्मान निघालं. 'ड' वर्गाचे, म्हणजे नष्ट करायचे कागद निवडताना एक चौदा पानी टिप्पणी हाती आली. साल १९९४. विषय: अभिलेख कक्षातला कोणताही कागद पाच मिनिटांत सापडावा. पट्टीनं आखलेले रकाने, मांडण्यांचा नकाशा, रंगीत पेन्सिलीच्या खुणा. खाली सही, आताच्यासारखी नुसती रेघ नव्हे. पूर्ण नाव, हुद्द्यासकट. भाऊसाहेबांचं! समासात हिरव्या शाईत दोनच शब्द: 'चर्चा करावी.'

"झाली का चर्चा?" मी विचारलं.

"साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी शेरा मारला, आधीच्या साहेबांशी काय चर्चा झाली ते कळवावे."

भाऊसाहेब पानं उलटत राहिले. नवव्या पानावर थांबले, पेन्सिल घेतली आणि बेरजेतली एक चूक दुरुस्त केली. मग डबीतली एक टाचणी निवडून कोपऱ्याला लावली.

"'ड'मध्ये टाकू?"

"नको, ताई. 'प्रतीक्षाधीन'मध्ये ठेवा. चर्चा व्हायचीय अजून."