मृत सेलांचे कैवारी

हौशी रेडिओचालकांत, म्हणजे ज्यांना जग ‘हॅम’ म्हणते त्या मंडळींत, सरकारने परवान्यासोबत बहाल केलेल्या ‘व्हीयू’पासून सुरू होणाऱ्या खुणेनेच परस्परांस ओळखण्याची वहिवाट असल्यामुळे, प्रस्तुत गृहस्थांचे पाळण्यातले नाव मला आजतागायत समजलेले नाही. ते समजून उपयोगही नाही. कारण पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, किंबहुना हातातला वायरलेस संच बाळगणारी चार माणसे जमतील तेथे, या वाणाचा एक इसम हटकून हजर असतो. आपण सहज म्हणावे की आमच्या संचाचा बॅटरी-पॅक गेला, आता नवा आणू, की हे शिवी ऐकल्यासारखे दचकतात आणि हात पुढे करून म्हणतात, “साहेब, सेल मेला नाहीये हो, झोपलाय नुसता!”

पॅकचा डबा पुन्हा कोणी उघडू नये अशाच बेताने कारखानदाराने सांधलेला असतो, आणि गृहस्थांस त्यात व्यक्तिगत आव्हान दिसते. गोंद ठिसूळ व्हावा म्हणून तो डबा रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मुक्काम करतो. तेथे मटारच्या पिशवीखाली तो हाती लागल्यावर त्यांच्या सौभाग्यवतींनी काढलेले उद्गार नमूद करण्याचे हे स्थळ नव्हे. सकाळी डबा उघडतो. आत प्रत्येकी १.२ व्होल्टचे सहा निकेल-कॅडमियम सेल एका माळेत नांदत असतात, आणि त्यांचा संसार थेट एकत्र कुटुंबासारखा असतो: ज्याची पुंजी आधी सरली, त्याच्याच अंगावर उरलेले पाच जण प्रवाह रेटीत राहतात आणि अखेर त्या बापड्याचे धन-ऋण उलटवून टाकतात. असा गांजलेला सेल मीटरवर शून्य दाखवू लागला, की गृहस्थांची कळी खुलते. आत स्फटिकाची बारीक सुई वाढून दोन पत्रे एकमेकांस भिडले आहेत असे निदान करून, ते स्कूटरच्या बॅटरीचा निमिषमात्र झटका देऊन ती सुई जाळतात. सेल जागा होतो, नोंदवहीत तारीखवार नोंद पडते, आणि चार दिवसांनी तो पुनश्च निद्रिस्त होतो.

वास्तविक असे सेल सहाच्या सहा एकदम बदलावेत, हा शास्त्रार्थ तेच इतरांस सुनावतात. स्वतः मात्र एकालाच बडतर्फ करून त्याच्या जागी जुन्या बाजारातला समवयस्क नेमतात. सेलावर थेट डाग दिल्यास उष्णतेने आतील सील बिघडते, म्हणून निकेलची पट्टी स्पॉट-वेल्डिंगनेच जोडावी लागते. आणि ते यंत्र त्यांनी मायक्रोवेव्ह भट्टीच्या ट्रान्सफॉर्मरपासून घरीच सिद्ध केले आहे. ती भट्टी त्या दिवसापर्यंत उत्तम चालत होती, असे घरच्यांचे म्हणणे पडते.

लिथियमपुढे मात्र ही मिजास उतरते. तो सेल ४.२ व्होल्टच्या पुढे भरला तर पेट घेऊ शकतो, ही जाणीव असल्याने त्याचे चार्जिंग गॅलरीत, मोगऱ्याच्या रिकाम्या केलेल्या कुंडीत, अत्यंत अदबीने पार पडते.

इतक्या सायासाने सजीव केलेल्या पॅकवर गृहस्थ बोलतात काय, तर “माझा आवाज कसा येतोय? पॅक मीच बांधलाय, ओव्हर,” एवढेच, समोरचा उत्तर देईतो पॅक मान टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी संभाषण तेथूनच पुढे चालू होते.

परवा एका मॅरेथॉन शर्यतीच्या मार्गावर संदेशवहनासाठी हॅम मंडळी उभी होती, त्यांत हेही होते. पिशवीत दुरुस्त पॅकांची रास होती. एका पोरसवद्या स्वयंसेवकाने, संच बंद पडला म्हणून, त्यांतला एक मागितला, तेव्हा ते सारे अद्याप निरीक्षणाखाली असल्याचे सांगून त्यांनी नकार दिला. कमरेच्या संचाला मात्र कंपनीचा कोरा करकरीत पॅक लावलेला होता. मी त्याकडे पाहतो आहे असे ध्यानात येताच गृहस्थ किंचित ओशाळून म्हणाले, “अहो, आज कामाचं आहे ना!”