भिंत ठोकून बघणारे काका

हैदराबादच्या मराठी माणसांत एक वाण लांबून ओळखू येतो: गौलीगुड्याचे काका. वय काहीही असो, हे लोक काकाच असतात. शाळा जांबागेतली विवेक वर्धिनी, पुस्तकं इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयातली, भाजीचा भाव तेलुगूत आणि भांडण दख्खनीत. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना ते चारमिनारला नेत नाहीत. "तो कुठं जातोय?" म्हणतात. ते दाखवतात गौलीगुड्याचा जुना बसस्टँड. म्हणजे तो जिथं होता, ती जागा.

या जागेवर काकांचा जीव आहे. निजामाच्या सरकारनं १९३२ साली सत्तावीस गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. पुढं कित्येक वर्षं विमानं ठेवण्याच्या आकाराच्या एका अवाढव्य लोखंडी हँगरमधून इथल्या बस सुटत. १९९४ साली मुसीच्या पात्रात इमलीबनचं मोठं स्थानक झालं आणि लांबच्या गाड्या तिकडं गेल्या. हँगर मात्र उभं होतं. काका रोज सकाळी फिरायला जाताना त्याचा खांब बोटाच्या पेराने ठोकायचे आणि मान हलवायचे. २०१८ च्या जुलैत हँगर कोसळलं. बसगाड्या आधीच हलवल्या होत्या म्हणून कुणाला खरचटलंही नाही. पण काकांची प्रतिष्ठा त्या दिवसापासून वाढली ती वाढलीच. "मी बोललो होतो," हे वाक्य त्यांनी तेव्हा उच्चारलं, आणि अजून ते पुरवून पुरवून वापरतात.

तेव्हापासून काका जगातली कुठलीही उभी गोष्ट आधी ठोकून बघतात.

दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत मुंबईच्या पुतणीनं त्यांना बोलावलं. पंचांगात शरद ऋतू असतो. मुंबईत त्याला ऑक्टोबर हीट म्हणतात. हुसेनसागर एक्स्प्रेसनं उतरलेले काका फुल बाह्यांचा स्वेटर घेऊन आले होते, कारण "सफर है, कुछ बोल नहीं सकते." पुतणीनं बेत सांगितला: घाटकोपरजवळ असल्फ्याची टेकडी बघायची. २०१७ च्या अखेरीस 'चल रंग दे' नावाच्या उपक्रमात स्वयंसेवकांनी तिथल्या झोपडपट्टीच्या भिंती निळ्या, पिवळ्या, गुलाबी करून टाकल्या, त्यांवर चित्रं काढली. मेट्रोतून टेकडी दिसली की लोक मोबाइल काढतात. इटलीतल्या पोझितानोसारखी दिसते म्हणे.

"भिंतीवरची चित्रं बघायला आठशे किलोमीटर?" काका म्हणाले. "आमच्याकडं मक्त्यात नाहीत का?"

हे खरं आहे. खैरताबादजवळच्या मक्त्यात मोठमोठी भित्तिचित्रं आहेत. काकांनी ती पाहिली आहेत का, असं पुतणीनं विचारलं. काकांनी पाहिलेली नव्हती. गौलीगुड्यातून मक्ता रिक्षानं फार तर अर्ध्या तासावर, आणि घराजवळची गोष्ट बघायला जाणं हा त्यांच्या मते रिकामटेकडेपणा.

असल्फा स्टेशनवर उतरून दोघं टेकडी चढायला लागले. पुतणी पुढं, फोन काठीवर लावून. पावसाळ्यांनी रंग जागोजागी विटले होते; एका भिंतीवरच्या चेहऱ्याचा गाल पोपडे धरून उडाला होता. "ऑथेंटिक आहे ना?" पुतणी म्हणाली. काकांनी गाल ठोकला. आतून पोकळ आवाज आला. "आत पाणी मुरतंय," ते म्हणाले, "चित्राला दोष नको देऊ."

मग पुतणी वर आणि काका खाली, अशी सहल दोन तुकड्यांत विभागली गेली. तिनं फुलपाखराच्या पंखांपुढं उभं राहून फोटो काढले. काकांनी गटाराचा उतार पाहिला, नळाची वेळ विचारली, पत्र्याला कुठल्या खिळ्यानं धरलंय ते पाहिलं. घराच्या उंबऱ्यात भांडी घासणाऱ्या बाईला त्यांनी विचारलं, "ताई, मागं डोंगराला आधाराची भिंत आहे का?" रोज फोटोवाले बघून कंटाळलेली ती बाई हातातलं पातेलं ठेवून उठलीच. असा प्रश्न तिला बहुधा कुणी विचारला नव्हता.

या प्रश्नात गंमत नव्हती. २००० सालच्या जुलैत घाटकोपरच्या एका टेकडीवर दरड कोसळून साठाहून जास्त माणसं गाडली गेली होती. आणि गौलीगुडा मुसीच्या काठचा. २८ सप्टेंबर १९०८ च्या पुरानं ज्या मोहल्ल्यांची दैना केली त्यांच्या शेजारात काका वाढले. तो पूर त्यांच्या आज्यानं पाहिलेला, पण काका तो परवाच ओसरल्यासारखा सांगतात. माती आणि पाणी एकत्र आले की त्यांचा विनोद संपतो. बाई त्यांना घरामागं घेऊन गेली. ते बराच वेळ आलेच नाहीत.

आले तेव्हा हातात चहाचा ग्लास होता. बाई उदगीरकडची निघाली होती.

"म्हणजे आमचीच की!" काकांचा चेहरा फुलला होता. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघाला ही घटना काकांनी अजून मान्य केलेली नाही. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद ही त्यांच्या लेखी तात्पुरती उसनी दिलेली आहेत. उदगीर तर तेव्हा बिदर जिल्ह्यात, म्हणजे "एकदम घरातलं". बाईलाही हे पटलेलं दिसत होतं, कारण दुसरा चहा आला, आणि त्याबरोबर गल्लीतली आणखी चार माणसं आणि एक कोरा कागद.

"प्रति, मा. आयुक्त साहेब," काका सांगू लागले आणि एक शाळकरी मुलगा लिहू लागला. अर्जाची भाषा निजामी, व्याकरण विवेक वर्धिनीचं. "...सबब विनंती की, रंगकाम झाले असून आधारभिंतीचे काम व्हावे..." पुतणी वरून हाका मारत होती, सूर्य कललाय, उजेड चांगलाय, काका या ना फोटोत. काकांनी हात वर करून थांबायची खूण केली. तोच फोटो निघाला: मागं पसरलेले पंख, पुढं हात उचललेले काका. पुतणीला त्यावर इतके लाइक मिळाले की ती अजून सगळ्यांना सांगते, आमचे काका किती छान पोज देतात.

दिवाळीनंतर गौलीगुड्यात भर दुपारी फोन वाजला. उदगीरच्या ताई होत्या. आवाज दबका. महापालिकेचा माणूस आलाय, भिंत बघतोय, म्हणतोय ठीकच आहे, काय करू?

काकांनी ताटावरून उठून हात पुसला.

"ठोकली का त्यानं? नाही? द्या त्याच्याकडं फोन."