तीस म्हंजे काय?

(रंगमंचावर एक मोडकी खुर्ची, ट्रॅक्टरचा टायर, ट्यूब बुडवायची पाण्याची घमेली. खुंटीला एक दप्तर. तो हात पुसत येतो.)

मी बिद्रीचा. बिद्री कुठं म्हणशीला, तर कोल्हापुरातनं गारगोटी रोडनं निघायचं, आणि ऊस भरल्याल्या ट्रॉलीमागं जिथं गाडी पाक अडकंल, तिथं उतरायचं. आलं गाव. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना आमचाच. रोडला माझं पंक्चरचं दुकान हाय, अडीच एकर ऊस हाय, एक पोरगं हाय, अकरा वर्साचं. आणि ते शाळंत जात न्हाई.

(थांबतो. प्रेक्षकांकडं बघतो.)

हां. ह्यो जो आता चेहरा केलासा न्हवं, त्यो मी रोज बघतोय.

"आजारी हाय व्हय?" न्हाई. "डोक्यानं कमी?" न्हाई. "मग तुम्ही कमी हाय!" एक मावशी म्हटली, आदमापूर इथंच हाय की, बाळूमामाचा भंडारा लावा. लावला. भंडाऱ्याला काय, त्यो माझ्या पण कपाळाला लागला.

झालं काय, कोरोनात शाळा मोबाईलमध्ये आली. आणि मोबाईलला रेंज पत्र्यावर. मग पोरगं पत्र्यावर, मी शिडी धरून खाली. खरी शाळा उघडली तवा पोरगं म्हटलं, "पप्पा, मी घरात शिकतो." मी म्हटलं चार दिवसांचं खूळ हाय. आमच्या मंडळींनी, म्हंजे बायकोनं, मोबाईलवर शोधलं आणि म्हटली, "अवं, ह्याला नाव हाय! अनस्कूलिंग!" जॉन होल्ट म्हणून अमेरिकेतला एक मास्तर. त्यानं 1977 ला ह्यो शब्द काढला. बघा, मास्तरच! म्हंजे आचाऱ्यानंच सांगायचं, पंगतीत बसू नका.

शाळा न्हाई, वेळापत्रक न्हाई. पोराला जे विचारावंसं वाटतंय, त्यातनं त्यानं शिकायचं. मला वाटलं, बेस झालं. फी न्हाई, दप्तर न्हाई, मला काय काम न्हाई.

हितंच फसलो.

पयल्याच दिवशी दुकानात येऊन बसलं. मी एका मोटरसायकलीत हवा भरालतो. "किती भरली पप्पा?" "तीस." "तीस काय?"

(हवा भरायची नळी हातात तशीच.)

मंडळी, वीस वर्सं मी हवा भरालोय. तीस! पस्तीस! ट्रॅक्टरचं मागचं चाक असलं तर बारा! आणि कुठल्याच गिऱ्हाइकानं आजपर्यंत विचारलं न्हाई, तीस काय. किलो? लिटर? रुपये? मी म्हटलं, "तीस हवा!" ते म्हटलं, "तीस हवा म्हंजे किती हवा?" मी म्हटलं, "पाना आण जा."

रात्री झोप न्हाई. गुपचूप मोबाईल काढला, पांघरुणात. एका चौरस इंचावर तीस पौंड! म्हंजे हे एवढंसं, बिस्किटाच्या तुकड्याएवढं... त्याच्यावर आतनं साडेतेरा किलोचा जोर! आणि मी त्येच्यावर वाकून वीस वर्सं बिडी वढालोय! सकाळी पोराला सांगितलं. ते म्हटलं, "मला कालच कळलं. तुम्हाला सुचतंय का बघालतो."

आमचं आबा म्हंजे माझं वडील, ते ह्या सगळ्याच्या इरोधात. शाहू महाराज मूळचं आमच्या कागलच्या घाटग्यांतलं, त्यामुळं आबांना वाटतंय महाराज आपल्या भावकीतलंच. "1917 ला महाराजांनी शाळा सक्तीची केली! फुकट केली! पोराला धाडला न्हाई तर बापाला म्हैन्याला एक रुपया दंड!" आणि आबा नुसतं बोलत न्हाईत. महाराजांच्या फोटूखाली पत्र्याचा डबा ठेवलाय. दर एक तारखंला माझ्याकडनं रुपया वसूल. 2022 च्या जूनपासनं. पावती पण देत्यात.

मग हंगाम सुरू झाला. पोराचा सवाल आला, "रसात चुना का घालत्यात?" मी म्हटलं, साखर पांढरी व्हावी म्हणून. चुना पांढरा, साखर पांढरी, सरळ हिशेब हाय! ते गेलं शेजारच्या रिटायर केमिस्टकडं, मला बी वढत नेलं. तर रस आंबट असतोय म्हणं. तसाच तापवला तर त्यातली साखर फुटती, मग दाणा धरत न्हाई. चुन्यानं आंबटपणा मरतोय आणि घाण गाळ होऊन खाली बसती. मी आपली मान हलवली, जशी काय उजळणी चाललीया.

त्यातनं आला दर. 2024-25 च्या हंगामाला एफआरपी, म्हंजे उसाचा सरकारी दर, टनाला 3400, साखरंचा उतारा सव्वादहा टक्के धरून. वरच्या प्रत्येक पॉइंट एकला टनामागं 33 रुपये 20 पैसे. पोरगं म्हटलं, समजा उतारा सव्वाबारा. मग वाढलं किती? पॉइंट एक, वीस वेळा. 664. झालं 4064, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा. (टायरवर बसतो.) मंडळी, चौकात दरावरनं मी किती भांडलोय! एकदा दर कमी म्हणून रस्त्यावर बसलोय, असलंच टायर पेटवायला दिलंत मी! पण दर निघतोय कसा, ते मला दशांश चिन्हाच्या भ्यानं कधी बघायचं धाडस झालं न्हाई. शाळंत त्या टिंबावरनं छड्या खाल्ल्या हुत्या. टिंब दिसलं की हात अजून मागं जातोय.

(हात मागं नेतो. मग सावकाश पुढं आणतो.)

तर माझी लई हवा झाली. पस्तीसच्या वर. जो भेटंल त्याला, अनस्कूलिंग! आमच्यात अनस्कूलिंग असतंय!

आमच्या उसाला तोडणीची टोळी आली, बीडची. शेताच्या कडंला कोप्या पडल्या. त्यात एक पोरगं, आमच्या पोराच्याच वयाचं. दोघांची गट्टी. ते वाढं बांधून दाखवतंय, बैल जुंपून दाखवतंय, आमचं पोरगं तोंड उघडं टाकून बघतंय. त्याचा बाप पाणी प्यायला बांधावर आला. विचारतोय, "तुमचं लेकरू साळंत न्हाई जात?" मी छाती फुगवली. "न्हाई जात!" त्यानं तांब्या खाली ठेवला, माझ्याकडं मायेनं बघितलं, आणि म्हटला,

"उचल लई झाली का वो, दादा?"

(बराच वेळ गप्प.)

उचल, म्हंजे आगाऊ पैसं, घेऊन फडात आलं की पोराची शाळा सुटती, हे त्याचं गणित. त्याला वाटलं मी बी अडकलोय. सुपारी काढून दिली मला त्यानं.

माझं पोरगं शाळंत न्हाई तर अनस्कूलिंग. त्याचं न्हाई तर शाळाबाह्य. कागदावर हाय की शब्द!

घरात येऊन मंडळींना सांगितलं. ती भाकरी थापालती. थापता थापता म्हटली, "मला बी नववीतनं अनस्कूलिंग केलंतं की. तुमच्याशी लगीन लावून."

(घमेलीत हात बुडवतो, उगीचच.)

सात-आठ बुडबुडे आलं बघा माझ्यातनं. पंक्चर सापडलं, पण ठिगळ कुठलं लावायचं? पोरानंच सांगितलं, आईचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, बाहेरनं दहावी देता येती. फॉर्म भरायच्या दिवशी आबा उठलं, महाराजांच्या फोटूखालचा डबा आणला, आणि सुनंच्या पदरात ओतला. माझा सगळा दंड! वर म्हटलं, "हिला ह्या घरात आणून शाळा कुणी सोडवली? मीच. माझा दंड कोण घेणार?" आणि खिशातनं पाचशेची नोट काढली.

तवापासनं घरात मास्तर पोरगं. आईचा निबंध तपासतंय. आमच्या कोल्हापुरात बाया 'मी जातो, मी आलो' म्हणत्यात, तसंच लिहिलं तिनं. पोरगं म्हटलं, "आई, पेपरात 'मी जाते' लिही." ती म्हटली, "ही कोण पुण्याची बाई?" ते म्हटलं, "पेपरापुरती हो. घरात जातोच म्हण."

भाकरी आता मी थापतो. नकाशे होत्यात. काल महाराष्ट्र झालाता, कोकण तव्याला चिकटलं.

(फोन वाजतो.)

हां, बोला. ...प्रयोग चाललाय. ...उद्याच हाय न्हवं पेपर, मग झोपा. ...काय? विवेचक? (फोनवर हात ठेवून) विवेचक म्हंजे काय म्हणं, वर्गसमीकरणातला. (फोनवर) पोराला इचार की. ...झोपलंय? ...थांब, थांब. हितं सगळी शाळा शिकल्याली माणसं बसल्यात, थांब.

(पुढं येतो.)

दहावी पास कोण कोण? हात वर करा. ...वा! सगळीच की! खाली करू नका. आता विवेचक कुणाला येतोय?

(एकेका हाताकडं बघत राहतो. शांतता. फोन कानाला लावतो.)

उठीव पोराला.

(अंधार.)